कार्डाएवढी फट

मंडळी, या दिवाळीत तुमच्या घरातले दागिने कुठून बाहेर येतील? बहुतेकांचं उत्तर मला माहीत आहे. बँकेच्या लॉकरमधून, एका प्लॅस्टिकच्या डब्यातून, आणि त्या डब्यात सोनाराच्या गुलाबी कागदाच्या पुड्या. धनत्रयोदशीच्या आधी आणायचे, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचे, फोटो काढायचे आणि सण संपला की परत नेऊन ठेवायचे. आमच्याही घरी कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. गेल्या वर्षी मी त्यांच्यासाठी खणांची एक लाकडी पेटी केली, स्वतःच्या हातांनी. ती कशी केली आणि करताना काय काय चुकलं, ते इथे सांगतो. ज्या तरुण वाचकांना देवनागरी सावकाश वाचावी लागते, त्यांनी घाबरू नये. मापं आणि आकडे भरपूर आहेत; तेवढे वाचलेत तरी पेटी होईल.

आधी एक कबुली. मी आयुष्यभर इंजिनीअरिंग शिकवलं. माझी डॉक्टरेट धातू थकून कसे तुटतात या विषयावरची. लाकडातलं मला काही कळत नाही, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

आईची फणेरपेटी

माझी आई सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातली. सावंतवाडी म्हटलं की तुम्हाला लाकडी खेळणी आठवतील, पाटावर मांडलेली लाकडी केळी आणि आंबे आठवतील. जाणकारांना गंजिफा आठवेल. हे गोल, हाताने रंगवलेले पत्ते. ती कला संपायला आली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी तिथल्या राजवाड्यात चितारी बसवून ती पुन्हा उभी केली. त्या पत्त्यांना ठेवायला रंगवलेली लाकडी पेटीही असते. त्या मुलखात लाकडाची पेटी ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

आईला लग्नात अशीच एक पेटी मिळाली होती. झाकण उघडलं की आतून आरसा, आणि तो तिरपा उभा राहायचा. खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणी यांचे कप्पे, त्याखाली दोन खण. आमच्या घरी तिला फणेरपेटी म्हणत. आई जमिनीवर बसून पेटी समोर घ्यायची, आधी मेण लावायची, मग कुंकू. वरच्या खणात रोजच्या कुड्या, खालच्यात सणाची नथ आणि ठुशी. खणांच्या मागे एक चोरकप्पा होता. तो फक्त आईला आणि मला उघडता येतो, असं मी समजत असे. आम्हा पाचही भावंडांचा हाच समज होता, हे तिच्या दिवसांना कळलं.

अशा पेट्या पाहायच्या असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. त्यात राजेमहाराजांच्या तलवारींपेक्षा दिवे, अडकित्ते, वज्र्या अशा घरातल्या बायामाणसांच्या हातातल्या वस्तू जास्त लक्षात राहतात.

आई गेल्यावर पेटी माझ्या वाट्याला आली. १९९८ साली मी ती सिंगापूरला आणली आणि आमच्या बेडरूममध्ये ठेवली, एअरकॉनच्या समोर. वर्षभरात एका रात्री फाडकन आवाज झाला. झाकणाची फळी उभी चिरली होती.

आता इंजिनीअर घरात असताना सुतार कशाला बोलवायचा? मी चिरेत इपॉक्सी भरलं आणि आतून आडवी पितळी पट्टी बारा स्क्रूंनी आवळून टाकली. पत्नी म्हणाली, "अहो, जरा जास्तच घट्ट होतंय असं नाही वाटत?" मी तिला स्क्रूची ताकद समजावून सांगितली. पुढच्या वर्षी फळी आणखी दोन ठिकाणी चिरली, दोन्ही चिरा माझ्या पट्टीच्या दोन्ही टोकांना.

कोकणातलं दार आणि इथला एअरकॉन

चूक काय झाली होती? ज्यांचं बालपण कोकणात गेलं त्यांना उत्तर माहीत आहे. पावसाळ्यात दारं फुगतात, बंद होत नाहीत. उन्हाळ्यात तीच दारं खडखडतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी ही सवय सुटत नाही.

सिंगापूरच्या हवेत सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत उघड्यावर ठेवलेल्या लाकडात वजनाच्या साधारण १६ ते १७ टक्के पाणी मुरतं. एअरकॉनच्या खोलीत हवा ६० टक्क्यांपर्यंत कोरडी झाली तर हे प्रमाण १० ते ११ टक्क्यांवर येतं. हा फरक फक्त सहा टक्क्यांचा, पण १५ सेंटीमीटर रुंदीची सागाची फळी, जिच्यावर कमानीसारख्या रेषा दिसतात अशी, तेवढ्याने सुमारे दीड मिलिमीटर आक्रसते. आणि साग हे फार कमी आक्रसणाऱ्या लाकडांपैकी आहे.

मुख्य मुद्दा पुढे आहे. फळी रुंदीत आक्रसते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. म्हणून एका फळीवर दुसरी आडवी फळी, किंवा पितळी पट्टी, घट्ट बसवली की एक हलू पाहते आणि दुसरी तिला हलू देत नाही. मग कुठेतरी फुटणारच.

आईच्या पेटीच्या सुताराला हे ठाऊक होतं. त्याने झाकणाची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवली होती, सरस न लावता. ती चिकटवली आमच्या वडिलांनी. एका दिवाळीत हौसेने त्यांनी सगळ्या पेटीला ऑइल पेंट फासला होता आणि तो खाचेत वाळून बसला होता. म्हणजे मदत करण्याची हौस आमच्या घराण्यात जुनीच आहे.

मोठमोठ्या कारागिरांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जडावाच्या चंदनी पेट्या जगभर प्रसिद्ध होत्या. इंग्रजीत त्यांना 'बॉम्बे बॉक्स'च म्हणत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही त्या मांडल्या होत्या. हस्तिदंत, रंगीत लाकूड आणि कथलाच्या तारा यांच्या बारीक कांड्या जुडीसारख्या चिकटवायच्या, मग त्या जुडीच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायच्या आणि चंदनाच्या पेटीवर बसवायच्या. या कामाला साडेली म्हणतात. धातू ओलाव्याने हलत नाही, हस्तिदंत थोडं हलतं, चंदन आपल्या चालीने हलतं. अशा पेटीला कोरड्या आणि दमट हवेत सारखं आलटून पालटून ठेवलं की जडावाचे तुकडे सुटू लागतात. तुमच्याकडे आजीची अशी पेटी असेल तर तिला एअरकॉनच्या झोतापासून दूर ठेवा, एवढं एक जरी या लेखातून घेतलंत तरी पुरे.

भांडण कशावरून झालं

माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. तिचे आणि आईचे दागिने लॉकरमध्ये होते. ठुशी, चिंचपेटी, बकुळीहार, मोत्यांची नथ, बुगड्या, आणि आईच्या जाडजूड पाटल्या. त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला सून म्हणाली, "बाबा, या पाटल्या ऑफिसला घालता येत नाहीत. मोडून त्यांच्या नाजूक बांगड्या केल्या तर मी आणि मुलगी रोज घालू."

मोडणे हा शब्द माझ्या कानाला लागला. मी म्हणालो, "माझ्या आईच्या पाटल्या मी जिवंत असेपर्यंत मोडायच्या नाहीत." मुलगा काही बोलला नाही. सूनही पुन्हा बोलली नाही. पुढच्या दिवाळीला दागिने लॉकरमधून आणायचंच कुणी नाव काढलं नाही.

मध्ये एकदा नातीने मला आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियममध्ये नेलं. १९१२ सालच्या जुन्या शाळेच्या इमारतीत ते आहे, दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे केरोसांग पाहिले. न्योन्या बायकांच्या केबायाला बटणं नसतात. तीन पिना लावून तो बंद करायचा. त्यातली एक मोठी, तिला 'इबू' म्हणजे आई म्हणतात, आणि दोन छोट्या, त्या 'अनाक', मुलं. दुखवट्यात हिरे आणि सोनं काढून ठेवायचं, मोती आणि चांदी घालायची. नात म्हणाली, "आजोबा, हे दागिने म्हणजे बटणं आहेत. यांना रोज काम होतं." मला आईच्या कुड्या आठवल्या. त्यांनाही रोज काम होतं. आमच्या पाटल्यांना मात्र वर्षानुवर्षं अंधारात पडून राहण्यापलीकडे काम नव्हतं.

त्या दिवशी घरी परतताना मी नातीला विचारलं, "एक पेटी करूया का?"

पेटीची रचना

लाकूड आम्ही विकत घेतलं ते थोडंच. शेजारच्या ब्लॉकखाली कुणीतरी जुनं सागवानी टेबल टाकून दिलं होतं. मालकाला विचारून त्याचा वरचा तक्ता घेतला. खणांच्या दर्शनी भागासाठी सुंगेई कदूतच्या एका वखारीतून सुआरचा तुकडा आणला. सुआर म्हणजे आपला पर्जन्यवृक्ष, इथल्या रस्त्यांवर छत्री धरून उभा असतो तोच, आणि मुंबईच्या रस्त्यांवरही असतो तोच. मूळचा अमेरिकेतला; सिंगापुरात १८७६ साली आला. लाकूड तपकिरी, सोनेरी रेषांचं, आणि मुख्य म्हणजे फार कमी आक्रसणारं.

पहिला नियम: पेटी जिथे राहणार आहे त्या खोलीत लाकूड दोन-तीन आठवडे आधी राहू द्या. फळ्या एकमेकींवर थेट ठेवू नका, मध्ये काड्या ठेवा, म्हणजे सगळीकडून हवा लागेल.

आमच्या पेटीची मापं: रुंदी ३० सेंटीमीटर, खोली २० आणि उंची २२. वर आरशाचं झाकण, त्याखाली उथळ कप्पा. मग शेजारी शेजारी दोन छोटे खण, त्याखाली दोन रुंद खण. बाजूच्या फळ्या १२ मिलिमीटर जाडीच्या, खणांच्या बाजू ८ मिलिमीटर, खणांचे तळ ४ मिलिमीटर प्लायवूडचे. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून ते फारसं हलत नाही. खाचेत बसवायला निर्धास्त.

झाकण चौकटीचं केलं आणि आतली फळी खाचेत सैल ठेवली. सरस फक्त चौकटीच्या चार कोपऱ्यांना. पाठीची फळीही तशीच सैल.

खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्यांची गोष्ट नीट ऐका, कारण इथेच माझी पहिली पेटी फसली असती. बाजूच्या फळीच्या रेषा उभ्या, म्हणजे ती पुढून मागे आक्रसणार. पट्टी मात्र पुढून मागे लांब, म्हणजे ती आक्रसणार नाही. पट्टी पूर्ण लांबीला चिकटवली की पितळी पट्टीचा प्रकार पुन्हा घडणार. म्हणून पट्टीला पुढच्या दोन सेंटीमीटरलाच सरस लावायचा आणि मागच्या टोकाला स्क्रूचं छिद्र लांबट करायचं, म्हणजे स्क्रू त्यात सरकू शकेल.

खणांचे पुढचे कोपरे डोव्हटेलचे केले. पारव्याच्या शेपटीसारखे, टोकाला रुंद दाते एकमेकांत अडकवायचे. खण ओढताना सगळा जोर पुढच्या फळीवर येतो, ती कधीच निसटू नये यासाठी ही युक्ती. करवत बारीक दातांची हवी आणि पटाशीला धार हवी. पहिले तीन खण वाया गेले. त्यातल्या एकात आता घराच्या किल्ल्या असतात.

चौथा खण चोख झाला. मी तो पेटीत सरकवला तर इतका घट्ट आणि इतका सुरेख बसला की मी नातीला हाक मारली. तिने ओढून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हा पाऊस आला की अडकणार." मी बोटं मोजत बसलो. खणाची बाजू चार सेंटीमीटर उंच, ओलावा सहा टक्के वाढला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर फुगणार. रुंद खण साडेपाच सेंटीमीटरचे, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर. वर फट ठेवायलाच हवी. पण किती? तिने खिशातून ईझी-लिंक कार्ड काढलं. अशी कार्डं जगभर एकाच जाडीची असतात, ०.७६ मिलिमीटर. "हे वरून सरकलं पाहिजे," ती म्हणाली. "आणि दोन्ही बाजूंनी एकेक कागद."

माझ्या चाळीस वर्षांच्या शिकवण्यात इतकं सोपं मोजमाप मला कधी सुचलं नव्हतं. रंधा घेऊन मी चारही खणांच्या वरच्या कडा कार्ड जाईपर्यंत उतरवल्या. पट्ट्यांवर मेणबत्ती घासली. आता खण एका बोटाने येतात, पावसातही.

पॉलिश चपडी लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने. पाऊस पडत असताना लावू नका. मी लावलं, आणि ओलावा अडकून सगळी पेटी दुधाळ पांढरी पडली. काचकागदाने घासून पुन्हा सुरुवात करावी लागली. आणि आतून बाहेरून दोन्हीकडे सारखंच लावा. एकाच बाजूला लावलं तर फळी पापडासारखी वाकते. खणांच्या आत तेल लावू नका, वास राहतो.

खणाला खण

आता आत काय लावायचं? दुकानात मखमल मिळते. पण घरात एका पिशवीत पत्नीने जपून ठेवलेले खण होते, वर्षानुवर्षांच्या ओटीत आलेले, न शिवलेले. त्यातले बरेच गुळेदगुड्डचे, उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले. नातीला मी सांगितलं, यालाही खणच म्हणतात आणि त्यालाही खणच. ती हसून म्हणाली, मग प्रश्नच मिटला. खणाला खण लावला.

यात एक शास्त्रही आहे. लोकरी कापडात गंधक असतो, रबरातही असतो, आणि गंधकाने चांदी काळी पडते. म्हणून चांदीच्या जोडव्यांना रबरबँड लावू नका आणि लोकरी फेल्टवर ठेवू नका. सुती आणि रेशमी कापड चालतं. मोत्यांची नथ प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. मऊ सुती कापडात ठेवा. आणि जडजोखीम घरातल्या पेटीत ठेवू नका. लॉकर सोडायला मी सांगत नाही.

प्रत्येक खणात मी एक चिठ्ठी ठेवायची ठरवलं. कुठला दागिना कुणाचा, कुणी कधी दिला. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की निम्म्या दागिन्यांची हकिकत मला माहीतच नाही. ती पत्नीला माहीत होती आणि मी कधी विचारली नव्हती. बकुळीहार तिच्या मावशीने दिला की आत्याने, हे आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. वाचकहो, तुमच्या घरात अजून विचारण्यासारखं कुणी असेल तर पेटी नंतर करा. आधी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.

रिकामा खण

पेटी पुरी झाली तेव्हा खालचा रुंद खण उरला होता. तो मी आईच्या पाटल्यांसाठी मोजून केला होता. कापड लावून झालं होतं. कार्ड सरकवून फट तपासत होतो आणि मला माझी पितळी पट्टी आठवली. बारा स्क्रू. पाटल्या मी तशाच आवळून धरल्या होत्या आणि घरात चिरा पडल्या होत्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना.

सुनेला बोलावून मी म्हणालो, "पाटल्यांचं तुम्हा दोघींना जे करायचं असेल ते करा." ती लगेच काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी तिने सांगितलं, एकच मोडली, एक तशीच ठेवली. मोडलेल्या पाटलीच्या दोन बांगड्या झाल्या. मोडल्याचं ऐकून मला वाईट वाटलं, ते इथे लपवत नाही. पण ती बांगडी आता सुनेच्या हातात रोज दिसते, चहाचा कप पुढे करताना दिसते. लॉकरमधली पाटली मी वर्षातून एकदा बघायचो.

उरलेली पाटली वरच्या खणात मावली. खालचा खण रिकामाच नातीला दिला. त्यात काय ठेवायचं हे मी सांगितलं नाही आणि तिने काय ठेवलं आहे ते विचारलेलं नाही.

आणि हो, पेटीला चोरकप्पा आहे. एक खण इतर खणांपेक्षा थोडा आखूड केला की त्याच्या मागे जागा निघते. एवढं तुम्हालाही करता येईल. कोणता खण, ते फक्त मला आणि नातीला माहीत आहे. निदान मी तसं समजतो.

दिवाळीच्या शुभेच्छा.